खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्तीची क्रमवारीची अट बदला: राज्य शासनाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग, उच्च व तंत्र शिक्षण विभाग, इतर मागास बहुजन कल्याण विभाग आणि आदिवासी विकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: खगोलशास्त्र व खगोलभौतिकीच्या परदेशातील पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देताना विद्यापीठाच्या सर्वसाधारण जागतिक क्रमवारीची अट बदलण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी शिफारसपत्रे लिहिणे, अभ्यासक्रमांची माहिती काढून देणे आणि शासनाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना विद्यार्थ्यांच्या शेजारी बसणे हे माझ्या कामाचाच एक भाग झाले आहे. राज्य शासन निरनिराळ्या विभागांमार्फत परदेश शिष्यवृत्ती देते, याबद्दल मला मनापासून आदर आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने दर वर्षी ७५ अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थी परदेशी जाऊ शकतात, ही लहान गोष्ट नाही. शेतमजुराच्या घरातून निघालेला मुलगा लंडनच्या किंवा म्युनिकच्या वर्गात बसतो, हे या योजनांमुळेच शक्य झाले आहे. म्हणून या योजनांवर टीका करण्याचा माझा हेतू नाही. त्यांतील एका अटीमुळे एका संपूर्ण विषयाचे विद्यार्थी बाहेर राहतात, तेवढेच मला तुमच्यासमोर मांडायचे आहे.

प्रवेश मिळालेले विद्यापीठ क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असले पाहिजे, अशी अट राज्याच्या बहुतेक परदेश शिष्यवृत्ती योजनांत आहे. या अटीमागचे कारण मला समजते. मंत्रालयातील अधिकाऱ्याला औषधनिर्माणशास्त्रापासून नगररचनेपर्यंत शेकडो विषयांचे अर्ज तपासावे लागतात, आणि प्रत्येक विषयातले चांगले विद्यापीठ कोणते हे त्याला ठाऊक असावे अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही. परदेशात केवळ शुल्क गोळा करण्यासाठी उघडलेल्या संस्था आहेत, आणि त्यांच्याकडे विद्यार्थी वळवणारे दलाल आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही कार्यालये थाटून बसले आहेत. सरकारी पैसा अशा ठिकाणी जाऊ नये म्हणून एखादे बाहेरचे, तटस्थ माप हवे, आणि ते माप म्हणून क्रमवारी निवडली गेली. हेतू योग्य होता. पण खगोलशास्त्राला हे माप लावले की चुकीचे उत्तर मिळते.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची (दूरच्या अवकाशातील प्रचंड घटनांतून पसरणाऱ्या सूक्ष्म तरंगांची) वेधशाळा उभी राहत आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेला हा प्रकल्प केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केला आणि त्यासाठी २,६०० कोटी रुपयांची तरतूद केली. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगोच्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. ती लहर संगणकाच्या पडद्यावर ज्याने सर्वांत आधी पाहिली, तो मार्को द्रागो नावाचा तरुण संशोधक त्या वेळी जर्मनीतील हानोफर शहरात, माक्स प्लांक गुरुत्वीय भौतिकी संस्थेत काम करत होता. प्रगत लायगोसाठीची अतिशय स्थिर लेझर यंत्रणा याच हानोफरच्या संस्थेने दिली. शहराबाहेर शेतांच्या मधोमध जिओ-६०० हा ६०० मीटर भुजांचा संवेदक आहे, आणि लायगोमध्ये पुढे वापरल्या गेलेल्या अनेक तंत्रांची चाचणी आधी तिथे झाली. ही माक्स प्लांक संस्था आणि हानोफरचे लायबनित्स विद्यापीठ हातात हात घालून काम करतात. हिंगोलीच्या एखाद्या मुलीने लायगो-इंडियात उपकरणशास्त्रज्ञ होण्याचे ठरवले, तर तिने शिकायला जावे अशा जगातल्या मोजक्या ठिकाणांत हानोफर येते. पण क्यूएसच्या सर्वसाधारण क्रमवारीत लायबनित्स विद्यापीठ पहिल्या २०० च्या जवळपासही नाही. म्हणजे यंत्र आपल्या गावी येते आहे, आणि ते यंत्र जिथे शिकता येईल तिथे जाण्यासाठी आपलीच शिष्यवृत्ती मिळत नाही.

हानोफर हा एकच अपवाद असता, तर मी हे पत्र लिहिले नसते. युरोपातील गुरुत्वीय लहरींचा मोठा संवेदक, व्हर्गो, इटलीत पिसाजवळ काशिना येथे आहे. पिसा विद्यापीठ २०० च्या बाहेर आहे. गॅलिलिओने १५९२ ते १६१० अशी १८ वर्षे पादोवा विद्यापीठात शिकवले आणि गुरूचे चंद्र त्याने तिथूनच पाहिले. आज त्याच विद्यापीठात खगोलभौतिकी आणि विश्वरचनाशास्त्र या विषयांचा इंग्रजीतून चालणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि आसियागोच्या डोंगरावर विद्यापीठाची स्वतःची वेधशाळा आहे. पादोवाही २०० च्या बाहेर आहे. जर्मनीतील बॉन येथे विद्यापीठाची आर्गेलांडर खगोलशास्त्र संस्था आणि रेडिओ खगोलशास्त्राची माक्स प्लांक संस्था एकाच शहरात आहेत, आणि एफेल्सबर्गची १०० मीटर व्यासाची दुर्बीण याच माक्स प्लांक संस्थेची. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना बघत वाढलेल्या आपल्या मुलांना रेडिओ खगोलशास्त्र शिकायचे असेल, तर बॉनहून अधिक योग्य जागा फार थोड्या सापडतील. बॉन गेली काही वर्षे २०० च्या किंचित बाहेर राहिले आहे. स्पेनच्या ला पाल्मा बेटावर १०.४ मीटर व्यासाची ग्रान तेलेस्कोपियो कानारियास ही दुर्बीण आहे. कानारियास खगोलभौतिकी संस्थेच्या सोबतीने ला लागुना विद्यापीठ खगोलभौतिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते, आणि या क्रमवारीत ते विद्यापीठ तर खूपच खाली आहे. बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमचीही तीच स्थिती.

या विद्यापीठांचे क्रमांक खाली का येतात, याचे कारण क्रमवारी काढण्याच्या पद्धतीत आहे. २०२४ च्या आवृत्तीपासून क्यूएसच्या क्रमवारीत १०० पैकी ३० गुण प्राध्यापकांच्या मतचाचणीवर आणि १५ गुण नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या मतचाचणीवर दिले जातात. म्हणजे ४५ गुण केवळ लोकांच्या मतांवर ठरतात. उरलेल्यांत परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण, परदेशी प्राध्यापकांचे प्रमाण, पदवीधरांच्या नोकऱ्या आणि शाश्वततेविषयीचे निकष यांचा वाटा आहे. वैद्यकीय महाविद्यालय असलेले, व्यवस्थापनशास्त्राची प्रसिद्ध शाखा असलेले, इंग्रजी भाषक देशातले मोठे विद्यापीठ यात आपोआप वर जाते. आकाशगंगेची रचना शिकवणारा वर्ग किती चांगला आहे, हे या गुणांत कुठेही मोजले जात नाही. खगोलशास्त्राची पारख या क्रमवारीवरून करणे म्हणजे बाजाराच्या नावावरून बैल पारखण्यासारखे आहे.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने आणखी एक अडचण वेळेची आहे. ही क्रमवारी दर वर्षी जूनच्या सुमारास नव्याने प्रसिद्ध होते. युरोपातील पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज मात्र अनेक ठिकाणी त्याआधीच्या हिवाळ्यात, डिसेंबर ते मार्च या काळात भरावे लागतात. अर्ज भरताना १९५ व्या क्रमांकावर असलेले विद्यापीठ जूनमध्ये २०५ वर गेले, तर त्या विद्यार्थ्याने काय करायचे? वर्गातल्या शिकवण्यात तेवढ्यात काहीच बदललेले नसते.

आता कोणी म्हणेल की लायडन, हायडेलबर्ग, म्युनिक, सेंट अँड्र्यूज, ग्लासगो ही नावे तर २०० मध्ये आहेत, विद्यार्थ्यांनी तिकडे जावे. जावेच. १६३३ मध्ये स्थापन झालेली लायडनची वेधशाळा जगातल्या उत्तम खगोलशास्त्र विभागांत गणली जाते, आणि लायगोच्या आरशांना टांगून ठेवणारे काचेचे तंतू ग्लासगोत विकसित झाले. पण या विद्यापीठांतील जागा थोड्या असतात, त्यांसाठी जगभरातून अर्ज येतात, आणि त्यांपैकी काही ठिकाणचे शुल्क फार आहे. अमेरिकेकडे पाहावे, तर तिथल्या उत्तम विद्यापीठांत खगोलशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम जवळजवळ नसतोच. तिथे थेट पीएचडीला प्रवेश देतात आणि शिकवण्याच्या मोबदल्यात शुल्क माफ करतात. त्यामुळे पहिल्या २०० तली डझनावारी अमेरिकन नावे या विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या उपयोगाची नाहीत. खगोलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण परदेशात घ्यायचे म्हणजे व्यवहारात ते बहुतांशी युरोपात घ्यायचे, आणि युरोपात हा विषय लहान, जुन्या, वेधशाळांच्या सावलीत वाढलेल्या विद्यापीठांत विखुरलेला आहे.

शासनाच्या तिजोरीच्या दृष्टीनेही या अटीचा विचार व्हावा, अशी माझी विनंती आहे. हानोफर, बॉन, पॉट्सडॅम येथे भारतीय विद्यार्थ्याकडूनही शिक्षण शुल्क घेत नाहीत. दर सत्राला काहीशे युरोंचे योगदान भरावे लागते, आणि बहुधा त्यातच स्थानिक बस व रेल्वेचा पास येतो. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याची तरतूद म्हणून सध्या ११,९०४ युरो दाखवावे लागतात. युरोला १०० रुपये धरले तर ही रक्कम वर्षाला १२ लाखांच्या आत बसते. याउलट ब्रिटनमध्ये अशाच अभ्यासक्रमाचे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे शुल्क अनेक ठिकाणी २५ ते ३५ हजार पौंड असते. पौंडाला ११० रुपये धरले तरी केवळ शुल्कच २७ लाखांच्या पुढे जाते, आणि राहण्याचा खर्च त्याहून वेगळा. तिथला अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो. प्रबंधासाठी त्यात उन्हाळ्याचे काही महिने मिळतात, तर जर्मनीत किंवा इटलीत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी प्रबंधावर दीर्घ काळ काम करतो आणि त्याच बळावर पीएचडीची जागा मिळवतो. म्हणजे आजच्या अटीमुळे शासन विद्यार्थ्याला महागड्या आणि आखूड अभ्यासक्रमाकडे ढकलते, आणि स्वस्त व दीर्घ अभ्यासक्रमाचे दार बंद करते. एका विद्यार्थ्याच्या ब्रिटनमधील एका वर्षाच्या शुल्कात दुसऱ्या एकाची जर्मनीतील दोन वर्षे निघतात. हा हिशेब वित्त विभागालाही पटेल असे मला वाटते.

संयुक्त अभ्यासक्रमांचा प्रश्न याहून बिकट आहे. युरोपीय संघाच्या एरास्मुस मुंडुस योजनेत खगोलभौतिकी आणि अवकाशविज्ञानाचा दोन वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे. तो रोमचे तोर व्हेर्गाता विद्यापीठ, बेलग्रेड विद्यापीठ, ब्रेमेन विद्यापीठ आणि नीसचे कोत दाझ्यूर विद्यापीठ मिळून चालवतात. याआधी इन्सब्रुक, पादोवा, रोम, ग्योटिंगेन आणि बेलग्रेड मिळून असाच अभ्यासक्रम चालवत होते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला शुल्कमाफी आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात, त्यामुळे शिष्यवृत्ती मिळाली तर शासनाच्या मदतीची गरजच उरत नाही. पण अशा शिष्यवृत्त्या मोजक्या असतात. त्याच निवड समितीने पात्र ठरवलेले, परंतु शिष्यवृत्तीच्या यादीत खाली राहिलेले विद्यार्थी स्वखर्चाने प्रवेश घेऊ शकतात. जागतिक स्पर्धेत पात्र ठरलेल्या अशा विद्यार्थ्याला राज्याची शिष्यवृत्ती मिळणे सर्वांत न्याय्य ठरेल, पण आपल्या अर्जात विद्यापीठाच्या नावासाठी एकच रकाना आहे, आणि चारपैकी कोणतेही नाव तिथे लिहिले तरी अर्ज बाद होतो.

माझ्या एका विद्यार्थिनीविषयी थोडे लिहिते. ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून तिला परिवर्तनशील ताऱ्यांचा, म्हणजे ज्यांचा प्रकाश कमीजास्त होतो अशा ताऱ्यांचा, नाद लागला आणि मोकळ्या उपलब्ध आकडेवारीवर तिने स्वतः आलेख काढून मला दाखवले. युरोपातील एका चांगल्या विभागात तिला प्रवेश मिळाला, आणि त्यानंतर ते विद्यापीठ यादीत बसत नाही हे लक्षात आले. पुढच्या वर्षी तिने यादीतल्या एका विद्यापीठात विदाविज्ञानाच्या (डेटा सायन्सच्या) अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, कारण खगोलशास्त्राच्या ज्या जागा यादीत बसत होत्या त्या तिला मिळाल्या नाहीत आणि घरची परिस्थिती आणखी वाट पाहण्यासारखी नव्हती. ती आज चांगले काम करते, तिच्याविषयी मला अभिमान आहे. पण तिचा विषय तिने स्वतः निवडला नाही, तो क्रमवारीने निवडला. शासनाने शिष्यवृत्ती दिली आणि खगोलशास्त्रज्ञ गमावला, असे त्या वर्षी घडले.

असे प्रसंग किती घडतात हे कोणी मोजत नाही, कारण यादीत न बसणारे विद्यार्थी मुळात अर्जच करत नाहीत आणि त्यांची नोंद आपल्या कोणत्याही कार्यालयात होत नाही. म्हणून विभागाकडे या विषयाचे अर्ज कमी दिसले, तर विद्यार्थ्यांना रस नाही असा त्याचा अर्थ लावू नये.

या देशातील खगोलशास्त्र शिष्यवृत्त्यांवरच उभे राहिले, याची आठवण इथे करून देणे मला आवश्यक वाटते. वेणू बाप्पू १९४९ मध्ये हार्वर्डला गेले ते हैदराबाद राज्याच्या शिष्यवृत्तीवर. तिथे पोहोचल्यावर थोड्याच काळात त्यांनी एका धूमकेतूचा शोध लावला, आणि तो धूमकेतू बाप्पू–बॉक–न्यूकर्क या नावाने ओळखला जातो. परत येऊन त्यांनी तमिळनाडूत कावलूरची वेधशाळा उभारली, आणि पुढे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचे ते अध्यक्ष झाले. ज्या हैदराबाद राज्याने त्यांना पाठवले, त्याच राज्यात तेव्हा आजचा हिंगोली जिल्हाही होता. गोविंद स्वरूप १९५३ मध्ये कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर सिडनीला गेले. ते कोणत्या नामांकित विद्यापीठात गेले नव्हते, ऑस्ट्रेलियाच्या शासकीय संशोधन संस्थेच्या रेडिओ भौतिकी विभागात गेले होते, आणि त्या काळी रेडिओ खगोलशास्त्र जगात सर्वांत पुढे होते ते अशाच दोन-चार ठिकाणी. तिथे वापरात नसलेल्या ३२ लहान तबकड्या त्यांच्या प्रयत्नाने भारताला भेट मिळाल्या, त्यांतून १९६५ मध्ये कल्याणला पहिली रेडिओ दुर्बीण झाली, मग उटी, आणि त्यानंतर जीएमआरटी. जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले ते जे. एन. टाटा शिष्यवृत्तीवर. १९७२ मध्ये ते मायदेशी परतले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे संस्थापक संचालक झाले.

या तिघांना पाठवणाऱ्यांनी विषय पाहिला, माणूस पाहिला आणि त्या विषयाचे काम जिथे खरोखर चालते ती जागा पाहिली. परदेशी गेलेला प्रत्येक जण परत येतोच असे नाही, याची मला जाणीव आहे. सरकारी शिष्यवृत्तीवर १९३० मध्ये केंब्रिजला गेलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर पुढे शिकागोचेच झाले. पण आज परत येण्यासाठी कारणे पूर्वीपेक्षा अधिक आहेत. लायगो-इंडिया आहे, आयुका आहे, जीएमआरटी आहे, आणि स्क्वेअर किलोमीटर ॲरे या जागतिक रेडिओ दुर्बीण प्रकल्पातील सहभागासाठी केंद्राने मंजूर केलेले सुमारे १,२५० कोटी रुपये आहेत. पहिल्या तिन्ही गोष्टी महाराष्ट्रात आहेत. जमीन आपली गेली, रस्ते आपल्या गावांतून झाले, आणि तिथल्या नियंत्रण कक्षात बसणारी माणसे मात्र फक्त मोठ्या शहरांतल्या सुस्थितीतल्या घरांतून यावीत, हे मला मान्य नाही, आणि ते शासनालाही मान्य नसावे.

भारतातच पदव्युत्तर शिक्षण का घेऊ नये, असा प्रश्न विचारला जाईल. अनेकांनी घ्यावे, आणि घेतातही. परंतु खगोलशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवणारी विद्यापीठे आपल्याकडे मोजकी आहेत. बहुतेक विद्यार्थी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून, स्पर्धा परीक्षा देऊन थेट पीएचडीच्या तुटपुंज्या जागांसाठी झगडतात. ज्यांच्या महाविद्यालयात साधी दुर्बीणही नव्हती, त्यांना या झगड्यात उतरण्याआधी दोन वर्षे निरीक्षणे, उपकरणे आणि आकडेवारी हाताळण्याची संधी मिळावी, यासाठीच परदेशातील पदव्युत्तर शिक्षणाचे महत्त्व आहे. खासगी विश्वस्त संस्थांचे साहाय्य बहुधा कर्जाच्या रूपात असते. ज्याच्या घरी आधीच पीककर्ज आहे त्याला आणखी एक कर्ज काढायला सांगणे मला जमत नाही.

माझी मुख्य मागणी अशी आहे. खगोलशास्त्र व खगोलभौतिकीसाठी सर्वसाधारण क्रमवारीऐवजी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी वापरावी, आणि ती यादी दर वर्षी सप्टेंबरपर्यंत तज्ज्ञांकडून तयार करून घ्यावी. आयुका, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) या चारही संस्था याच राज्यात आहेत. त्यांतील प्राध्यापकांची पाच जणांची समिती एका बैठकीत अशी यादी करू शकेल, कारण कोणत्या विभागातून कसे विद्यार्थी येतात हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक असते. यादीत अभ्यासक्रमाचे नाव असावे, केवळ विद्यापीठाचे नको, आणि संयुक्त अभ्यासक्रमांना त्यात वेगळे स्थान असावे. दलालांच्या संस्थांना अशा यादीत शिरकाव मिळणार नाही, त्यामुळे क्रमवारीच्या अटीने जे संरक्षण मिळत होते ते अधिक पक्के होईल.

केवळ आकडा वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, हेही नमूद करते. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ही मर्यादा ५०० आहे. राज्याने तेवढी केली, तर पादोवा, पिसा, बॉन आत येतील आणि ते स्वागतार्हच आहे, पण ला लागुना, पॉट्सडॅम, बेलग्रेड बाहेरच राहतील. क्यूएसची विषयनिहाय क्रमवारी वापरणे हा आजच्याहून बरा उपाय आहे. मात्र तिच्यात भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र एकत्र मोजले जातात, त्यामुळे घन अवस्था भौतिकीचे मोठे विभाग असलेली विद्यापीठे वर जातात आणि लहान वेधशाळा पुन्हा झाकल्या जातात. यादी तयार होईपर्यंतच्या एका वर्षासाठी तात्पुरती सोय म्हणून विषयनिहाय क्रमवारी चालेल.

यादीबरोबर वेळापत्रकाचाही विचार व्हावा. नेदरलँड्समध्ये वर्ग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात, जर्मनी व इटलीत बहुधा ऑक्टोबरमध्ये. त्याआधी व्हिसा, आणि व्हिसाच्या आधी पैशांची तरतूद दाखवावी लागते. निवड यादी ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबली, तर विद्यार्थ्याच्या वडिलांना मधल्या काळासाठी १२ लाख रुपये कुठून तरी उभे करून खात्यात दाखवावे लागतात. ज्यांना ते जमते त्यांना या शिष्यवृत्तीची गरज तुलनेने कमी असते. मार्च-एप्रिलमध्ये तत्त्वतः मंजुरीचे पत्र, तेही इंग्रजीत, वार्षिक रक्कम व कालावधी स्पष्ट लिहिलेले, विद्यार्थ्याच्या हाती पडले, तर दूतावासात तेच तरतुदीचा पुरावा म्हणून सादर करता येईल.

जाण्याआधीचा खर्चही विचारात घ्यावा. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीची आहे आणि तिचे शुल्क १८,००० रुपये आहे. इंग्रजीच्या परीक्षेलाही जवळपास तेवढेच पैसे लागतात. इटलीतील प्रादेशिक शिष्यवृत्त्या कुटुंबाच्या उत्पन्नावर मिळतात, आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्यांचा मोठा आधार होऊ शकतो. पण त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला भाषांतरित करून, राज्य शासनाचे साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरले जाणारे प्रमाणीकरण) घेऊन पाठवावा लागतो. गावातील मुलाला यासाठी मुंबईच्या फेऱ्या माराव्या लागू नयेत म्हणून समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात हे काम माहीत असलेला एक कर्मचारी नेमला, तर राज्याचा पैसाही वाचेल, कारण इटलीची शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याला राज्याने फक्त फरक द्यायचा राहील.

काही योजनांत जागा शाखानिहाय वाटल्या जातात आणि त्यांत विज्ञानाच्या वाट्याला थोड्याच येतात. त्या वाढवण्याची मागणी मी या पत्रात करत नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. आहेत त्याच जागांतून खगोलशास्त्राच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना आपला विषय न सोडता जाता आले, तरी पुढच्या दहा वर्षांत हिंगोली आणि नारायणगावच्या नियंत्रण कक्षांत त्याचा परिणाम दिसेल.

पुढच्या जाहिरातीचा मसुदा तयार होण्यापूर्वी या विषयावर बैठक बोलवावी, अशी विनंती आहे. वर उल्लेखिलेल्या अभ्यासक्रमांची माहिती, त्यांचे शुल्क, अर्जाच्या तारखा आणि आवश्यक कागदपत्रे यांचे टिपण मी मराठीत तयार केले आहे. बैठकीपूर्वी ते चारही विभागांकडे पोहोचवण्याची व्यवस्था मी करेन, आणि बोलावल्यास मुंबईला किंवा पुण्याला स्वखर्चाने उपस्थित राहीन.

आपली विश्वासू,
भौतिकशास्त्राची एक अध्यापिका,
मराठवाडा